गुरांच्या वाट्याचे पाणी

आटगाव स्थानकावर उतरून तानसा जलाशयाकडे जाणाऱ्या प्रवाशाला शहापूर तालुका पाण्याने संपन्न वाटला, तर त्यात नवल नाही. तानसा धरण १८९२ सालचे. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला, पुढे भातसा आले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणाची भर पडली. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकटे भातसा पुरविते. पाऊसही सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या घरात. तथापि, उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण काळा पाषाण, यामुळे पाणी मुरत नाही. वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

या टंचाईत माणसांचा हिशेब निदान मांडला तरी जातो, गुरांचे काय? पूर्वीच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात माणशी ४० लिटरांचे प्रमाण होते आणि गुरांसाठी माणशी ३० लिटर जादा धरले जात; पण ते केवळ वाळवंट विकास कार्यक्रमाखालील प्रदेशात! शहापूर-मुरबाडला कागदोपत्री वाळवंट कोण म्हणणार? २०१९ च्या जल जीवन मिशनचे प्रमाणही माणशीच आहे, ५५ लिटर. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर. दारात दोन बैल व दोन गाई असतील, तर उन्हाळ्यात जनावरामागे ४० लिटर धरले तरी १६० लिटर त्यांनाच लागतात.

येथे चाऱ्याची वाण नाही. डोंगरउतारावरचे गवत वाळवून मुंबईच्या तबेल्यांना विकण्याचा धंदा या भागात जुनाच. मुसळधार पावसात टिकणारी डांगी जात याच सह्याद्रीच्या पट्ट्यातील. अडते ते पाण्यापाशी. पाण्याअभावी चैत्रात बैल विकणाऱ्यास मंदीचा भाव पत्करावा लागतो आणि मृगाच्या तोंडावर तोच बैल तेजीत घ्यावा लागतो. हा तोटा कोणत्याही धरणाच्या जमाखर्चात दिसत नाही. म्हशाच्या जत्रेतील बैलबाजाराचे कौतुक करणाऱ्यांनी तरी तो ध्यानी घ्यावा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कार्तिकात ओढे वाहते असतानाच गोणपाटांचे वनराई बंधारे घालावेत. ते वैशाखापर्यंत पुरणार नाहीत, हे खरे; पण विहिरींवरचा भार दोन महिने लांबतो. उरलेल्या दिवसांसाठी मुंबईच्या पाणीपट्टीतील अल्पसा हिस्सा धरणांलगतच्या गावांकडे वळवावा. आणि प्रत्येक नळयोजनेच्या अंदाजपत्रकात, टाकीच्या खर्चाखाली, गुरांच्या हौदाची एक ओळ असावी.