संगणकाचं दार

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात. २०११ साली युको बँकेनंही तिथे कुलपाविना शाखा उघडली. घरच्या संगणकाला मात्र दार हवंच.

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा आणि जोडलेल्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज' पाहा. तिथे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय दिसतात. नावांमुळे हमखास गोंधळ होतो. 'पब्लिक' म्हणजे आपला संगणक सगळ्यांना खुला, असं वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे. जागा सार्वजनिक आहे असं धरून संगणक त्या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांपासून स्वतःला लपवतो. 'प्रायव्हेट' निवडलं, की ती यंत्रं त्याला शोधू शकतात. घरातल्या दोन संगणकांत फाइली किंवा प्रिंटर वाटून वापरायचा असेल, तरच ते घ्यावं. माझं मत विचाराल, तर एरवी घरीही 'पब्लिक'च राहू द्या. शिर्डीच्या लॉजवर लॅपटॉप उघडलात, तर तिथे दुसरा विचारच नको.

या निवडीचा संबंध फक्त शेजारच्या यंत्रांशी आहे. वेबसाइटना तुमची माहिती मिळणं तिनं थांबत नाही. राउटरचा मुळातला पासवर्ड बदलणं हे वेगळं काम आहे, तेही आजच करा.