बेडकाची अंडपेशी फुटली, आणि पाण्याची वाट सापडली!

पेशीचं पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर. ऑक्सिजन त्यातून सहज निसटतो. सोडियम-पोटॅशियमला प्रथिनांची दारं लागतात. पाणी थोडंफार झिरपतं, पण तांबड्या रक्तपेशींत ते इतक्या झपाट्याने कसं शिरतं? शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रेंना त्या पेशींतल्या एका प्रथिनाचा संशय आला. त्याचा आरएनए त्यांनी बेडकाच्या अंडपेशींत टोचला. सौम्य द्रावणात सोडताच त्या काही मिनिटांत टम्म फुगून फुटल्या. प्रथिन नसलेल्या मात्र ढिम्म! हे १९९२ सालचं. नोबेल २००३ मध्ये.

मला खरी कमाल पुढची वाटते. या प्रथिनातली वाट इतकी अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागोमाग एकच जातात, तरी सेकंदाला अब्जावधी. आणि इवल्याशा प्रोटॉनला मात्र साफ मज्जाव! मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी परत खेचण्यात याच वाटांचा मोठा हात.