उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका

आमच्या गटातल्या एका काकूंची परवानगी घेऊनच आज बोलतोय. काकूंचं वय अठ्ठावन्न, गाव चिखलीकडचं. वैशाखात त्यांना लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही. उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी प्यायल्या आणि दोन दिवसांत लघवी साफ झाली. श्रावणात पुन्हा तेच. या वेळी वाटलं, गेलेली पाळी परत आली की काय! लाजेनं कुणाला सांगितलं नाही. पुढे तीनदा जंतुसंसर्गाच्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली.

आपल्याकडे पिशवी म्हटलं की गर्भाशयच डोळ्यांसमोर येतं. ही पिशवी वेगळी. दोन मूत्रपिंडं रक्त गाळतात, दोन नळ्यांतून लघवी खाली उतरते आणि या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, साठते. नळ्यांना आणि पिशवीला आतून एकच अस्तर असतं. बहुतेक गाठी त्या अस्तरातून उगवतात.

उन्हाळीत आग होते, थेंबथेंब होते, सारखं जावं लागतं. कॅन्सरचं रक्त पुष्कळदा न दुखता येतं आणि आपोआप थांबतं. हे थांबणंच फसवं. म्हणून आमचं सांगणं एवढंच : पाळी गेल्यावर कुठूनही रक्त दिसलं, किंवा कोणत्याही वयात लघवीत रक्त आलं, तर ते थांबलं तरी दाखवायचं. घाबरायचं नाही. बहुतेकदा खडा किंवा जंतुसंसर्गच निघतो. बीट खाल्लं, क्षयाच्या गोळ्या चालू असल्या, तरी लघवी लालसर दिसते. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासली का, हे डॉक्टरांना विचारायचं. हा रोग पुरुषांत तीन-चार पट जास्त. त्यामुळेच की काय, बाईच्या बाबतीत तो उशिरा ध्यानात येतो.

सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातलं विष रक्तात जातं, मूत्रपिंडं ते गाळतात आणि ते लघवीबरोबर पिशवीत तासन् तास पडून राहतं. १८९५ साली जर्मनीत एका शल्यविशारदानं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा रोग पाहिला, तेव्हापासून काही रसायनांवरही बोट आहे. वर्षानुवर्षं पिशवीत राहिलेला खडाही धोका वाढवतो.

तपासणीत लघवी, सोनोग्राफी आणि मग लघवीच्या वाटेनं दुर्बीण. त्याच दुर्बिणीतून, भूल देऊन, गाठ खरवडून काढतात आणि तुकडा तपासायला पाठवतात. मूळ पिशवीच्या स्नायूपर्यंत गेलंय का, यावर पुढचं सगळं ठरतं. गेलं नसेल, पण गाठ परतण्याची भीती असेल, तर पिशवीत बीसीजी सोडतात. हो, बाळाला टोचतो तीच क्षयाची लस! १९७६ साली कॅनडातल्या डॉ. मोरालेस यांनी ही वाट दाखवली. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. औषध साधारण दोन तास धरून ठेवायचं. मूळ स्नायूत गेलं असेल तर पिशवी काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीला वाट करतात, नाहीतर काहींना केमो आणि रेडिएशन देऊन पिशवी वाचवता येते. मूत्रपिंडाचा कॅन्सर वेगळा. तो अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. तिथे गाठ किंवा अख्खं मूत्रपिंड काढतात. दुसरं चांगलं असेल तर एकावर माणूस नीट जगतो.

पिशवीतली गाठ परत येण्याची खोड मोठी. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बीण असते, आणि इथेच आपल्या बाया मागे राहतात. पेरणी झाली की जाऊ, वेचणी झाली की जाऊ! घरच्या पुरुषाची तारीख अशी पुढे ढकलली असती का आपण?

तपासणी जिल्हा रुग्णालयापासून सुरू करता येते. पुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, मुंबईत परळचं टाटा. टाटाला जाणाऱ्यांची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते, पण जागेची चौकशी आधी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधीच आरोग्यमित्राला भेटा, नंतर नाही.

काकूंची गाठ स्नायूत गेली नव्हती. त्यांची पुढची दुर्बीण ऐन कापूस वेचणीत आली आहे. सून म्हणते, कापूस राहील दोन दिवस झाडावर.