घरच्या सर्व्हरवरील संगीत
मैंदर्गी (अक्कलकोट तालुका) हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव असल्यामुळे तेथील एखाद्या घरगुती संगीतसंग्रहात भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे, म्हणजे हरिदास संतांची भक्तिगीते, शेजारी नांदणे स्वाभाविक आहे. असा संग्रह सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू राहून इतर उपकरणांना फाइली पुरवणाऱ्या संगणकावर, ठेवला आणि स्पीकरला जोडलेला नेटवर्क प्लेअर त्याच राउटरवर घेतला, की इंटरनेट बंद असतानाही गाणे ऐकता येते. सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो. त्यावर संगीत पुरवणारी लिरियन, जेलीफिन ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. सीडीवरील तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते; ध्वनीतील काहीही न गाळता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅक स्वरूपात ते साधारण निम्म्यावर येते. खरा पेच टॅगचा, म्हणजे फाइलीतच नोंदलेल्या गायक, रचना इत्यादी माहितीचा असतो: एकाच गायकाचे नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत आले, तर सर्व्हर सहसा तीन निरनिराळे गायक मांडतो, म्हणून गायकनामाची लिपी आधीच ठरवून घ्यावी. वीज अचानक गेल्यास डिस्कवरील फाइली बिघडू शकतात, त्यामुळे छोटा यूपीएस आणि वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत या दोन्ही गोष्टी आवश्यकच होत. कारण कॅसेटवरून उतरवलेले घरचे भजन बाजारात पुन्हा मिळत नाही.