‘ढ’चा खिळा आणि शिशाची गोष्ट

आमचे वडील, अण्णा, कंपोझिटर होते. पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षे खिळे जुळवले. आताच्या मुलांना हे सांगायचे म्हणजे आधी ‘खिळा’ काय ते समजावून द्यावे लागते. भिंतीत ठोकतात तो खिळा हा नव्हे. हा बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा, आणि त्याच्या टोकावर एकेक उलटे अक्षर. लाकडी केसच्या खणांत असे हजारो खिळे पडलेले असायचे. अण्णांची नजर हस्तलिखितावर असे आणि बोटे मात्र आपसूक नेमक्या खणाकडे जात. छापून झाले की ते सारे खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. पंचांग असो, लग्नपत्रिका असो की कादंबरी, मराठीतला बहुतेक मजकूर कित्येक दशके असा कुणाच्या तरी बोटांतून गेला आहे.

झिजलेले, तुटलेले खिळे अण्णा कधीकधी खिशातून घरी आणत. आम्हा भावंडांची ती खेळणी. वाड्याच्या ओसरीवर बसून आम्ही खिळ्यांनी आपापली नावे जुळवायचो. माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेला धाकटा भाऊ नावे जुळवण्याच्या वयाचा नव्हता. तो ते सरळ तोंडात घालायचा. आई ओरडायची ती गिळेल या भीतीने. धातूची भीती कुणाच्या मनातही नव्हती.

पुढे हा भाऊ शाळेत मागे पडला. वाईट मुलगा नव्हता तो, पण एका जागी बसवत नसे, सांगितलेले ध्यानात राहत नसे. मास्तरांनी त्याचे निदान एका अक्षरात करून टाकले होते : ‘ढ’. सातवीत दोनदा नापास झाल्यावर त्याची शाळा सुटली. अण्णांनी त्याला मारले, समजावले, नवससुद्धा बोलून पाहिला. मी मात्र शिकलो आणि रसायनशास्त्राचा शिक्षक झालो. ‘छपाईचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या संमिश्राचे असतात’ हे वाक्य मी किती वर्षे फळ्यावर लिहिले असेन! आणि त्याच वर्गात, मागच्या बाकावरच्या किती पोरांना मी स्वतः ‘ढ’ म्हटले असेन! या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, हे निवृत्त होईपर्यंत माझ्या डोक्यात आले नाही. हातात वेळ आला, वाचन वाढले, आणि दोन अमेरिकन शास्त्रज्ञांच्या कामाशी गाठ पडली, तेव्हा कुठे ते आले.

पृथ्वीचे वय आणि प्रयोगशाळेतली धूळ

पहिला शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन. त्याला शोधायचे होते पृथ्वीचे वय. युरेनियमचे हळूहळू शिशात रूपांतर होते, तेव्हा उल्केतल्या शिशाच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे प्रमाण अचूक मोजले की ते वय काढता येते. ते त्याने काढलेही. १९५६ साली त्याने जाहीर केलेला ४५५ कोटी वर्षांचा आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो. पण हे काम चालू असताना एक विचित्र अडचण त्याला वर्षानुवर्षे छळत होती. नमुन्यात असावे त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे सापडायचे. हे जादा शिसे येत होते हवेतून, भिंतीच्या रंगातून, माणसांच्या केसांतून, धुळीतून! त्याने जमीन घासली, उपकरणे आम्लाने धुतली, आत येणारी हवा गाळली आणि जवळजवळ निर्जंतुक शस्त्रक्रियागृहासारखी प्रयोगशाळा उभारली. मग त्याला प्रश्न पडला, एवढे शिसे जगात आले तरी कुठून?

त्याचे मोठे उत्तर होते पेट्रोल. १९२१ साली टॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाला असे आढळले होते की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले की इंजिनाची ‘खटखट’ थांबते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन तडफडत मेले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि त्याचा वासही घेतला. विशेष म्हणजे आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाची बाधा झालेली होती. हार्वर्डमधल्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी जाहीर विरोध केला, पण धंदा तेजीत होता. पुढची पन्नास वर्षे जगभरच्या मोटारी रस्त्यारस्त्यांवर शिशाची बारीक भुकटी उडवत राहिल्या.

उद्योगाच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत, ‘माणसाच्या शरीरात थोडे शिसे असतेच, ते नैसर्गिक आहे.’ पॅटरसनने १९६५ साली त्याला उत्तर दिले : सगळ्यांत आढळते म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे जुने थर तपासले. शेकडो वर्षांपूर्वीच्या बर्फात नाममात्र असलेले शिसे विसाव्या शतकात, विशेषतः १९४० नंतर, झपाट्याने वाढलेले त्यांना दिसले. या भूमिकेची किंमत त्याला संशोधनाच्या पैशांत मोजावी लागली, पण तो मागे हटला नाही.

दुधाच्या दातांची साक्ष

दुसरे शास्त्रज्ञ बालमानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन. शिशाची जबर मात्रा झाली तर पोटात कळा येतात, मनगट लुळे पडते, झटके येतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. नीडलमन यांचा प्रश्न वेगळा होता. जी मुले आजारी दिसतच नाहीत, त्यांचे काय? रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, त्यामुळे लहानपणी किती शिसे पोटात गेले ते नंतर रक्तावरून सांगता येत नाही. दात मात्र ते साठवून ठेवतात. मग नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले!

सोबत त्यांनी शिक्षकांकडून एक साधी प्रश्नावली भरून घेतली. मुलाचे लक्ष विचलित होते का? सूचना पाळता येतात का? हातातले काम पुरे होते का? कुणाच्या दातात किती शिसे आहे, याची शिक्षकांना गंधवार्ता नव्हती. १९७९ साली निष्कर्ष छापून आले. दातातले शिसे जसजसे जास्त, तसतशा शिक्षकांच्या तक्रारी पायरीपायरीने जास्त. बाकीच्या गोष्टी जमेस धरूनही जास्त शिशाच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी चारेक गुणांनी कमी भरला. पुढे नीडलमन यांच्यावर आरोप झाले, चौकशा झाल्या. त्यात हेतुपुरस्सर गैरप्रकार काही आढळला नाही, आणि इतर देशांतल्या अभ्यासांनीही तीच दिशा दाखवली.

ती प्रश्नावली वाचताना मी थबकलो. आमच्या धाकट्याच्या प्रगतिपुस्तकातले शेरेच जणू कुणी प्रश्न करून मांडले होते. आणि मी स्वतः लिहिलेले शेरेही तेच!

शिसे मेंदूत करते काय?

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शिसे हा बहुरूपी आहे. त्याचा आयन शरीराला कॅल्शियमच्या आयनासारखा वाटतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यात कॅल्शियमचे काम फार मोठे. त्याच्या वेषात शिसे आत शिरते आणि नको तिथे निरोप सोडते, हवा तिथे अडवते. शिकणे आणि लक्षात ठेवणे ज्या यंत्रणेवर अवलंबून आहे, तीच यात बिघडते. लहानपणी मेंदूत पेशींचे नवे दुवे जुळत असतात, नको असलेले गळत असतात. कंपोझिंगच चालू असते म्हणा ना! नेमक्या त्याच वेळी चुकीचा खिळा खणात पडतो.

त्यात मूल पोटात गेलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेऊ शकते. प्रौढांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलात शोषण आणखी वाढते, म्हणजे गरिबाच्या पोरावर दुहेरी घाव. उरलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे दडून बसते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत पोचते.

यावर औषध नाही का? तीव्र विषबाधेत शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे देतात आणि त्यांनी जीव वाचतो. परंतु रक्तात मध्यम प्रमाणात शिसे असलेल्या मुलांवरच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत रक्तातले शिसे उतरले, बुद्धी मात्र सुधारली नाही. हरवलेले परत मिळत नाही, ते हरवू न देणे एवढेच आपल्या हाती आहे. अमेरिकेत १९९१ साली दर १०० मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम शिसे ही चिंतेची रेषा होती. ती २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर आणली गेली. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की, निर्धोक म्हणता येईल अशी पातळी ठाऊकच नाही.

शिसे गेले कसे, उरले कुठे?

गंमत अशी की, पेट्रोलमधून शिसे हटवण्याची घाई मुलांसाठी झाली त्याआधी यंत्रासाठी झाली. धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक शिशाने निकामी होतात, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून नव्या मोटारींना बिनशिशाचे पेट्रोल लागू लागले. पुढच्या पंधराएक वर्षांत तिथल्या लोकांच्या रक्तातले शिसे तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याचा परिणाम मुंबईत दिसला. १९९०च्या दशकातल्या पाहणीत तिथल्या ६० टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमच्या वर शिसे होते. पेट्रोल बदलल्यानंतरच्या पाहणीत अशी मुले तीनांत एक इतकी उरली. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये या यादीतून बाहेर पडला.

तीनांत एक हाही आकडा लहान नव्हे. मग उरलेले शिसे येते कुठून? जुन्या इमारतींच्या दारे-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटच्या पापुद्र्यांतून. आपल्याकडे घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचे बंधन नोव्हेंबर २०१७ पासून आले, त्याआधीचे थर भिंतीवर आहेतच. वस्तीत बसून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांतून. कल्हईच्या कथलात स्वस्ताई म्हणून मिसळलेल्या शिशातून. मारुतीला फासतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे तर शिशाचे ऑक्साइडच. (शिसपेन्सिल मात्र नावापुरतीच शिशाची, तिच्यात असते ग्रॅफाइट. ती बिचारी निर्दोष आहे.)

हळदीची कथा तर स्वयंपाकघरातलीच. बांगलादेशात हळकुंडे झळझळीत पिवळी दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा रंग चोळला जात असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. सरकारने व्यापाऱ्यांना समज दिली, दंड केले, लोकांना सावध केले. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! कोणतेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही.

म्हणून घरापुरते एवढे पाहा. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा आणि त्या वेळी मुलांना तिथे फिरकू देऊ नका. जेवणाआधी मुलांचे हात धुवा. शेंदूर त्यांच्या हाती लागू देऊ नका. हळद घेताना रंगाच्या झगमगाटाला भुलू नका. ताटात पालेभाजी, कडधान्य, नाचणी, दूध असू द्या. घरातले कुणी बॅटरीच्या किंवा शिशाच्या कामावर असेल तर त्यांचे कपडे वेगळे धुवा आणि मुलांच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

मागच्या दिवाळीत भाऊ आला होता. रंगकामाची छोटी कंत्राटे घेत त्याने संसार नेटका केला, दोन मुलींना पदवीधर केले. मी त्याला दातांच्या त्या अभ्यासाची हकिकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘दादा, म्हणजे मी ढ नव्हतो?’’

मला उत्तर देता आले नाही. शास्त्र हजार मुलांविषयी खात्रीने बोलते, पण एकाच मुलाबद्दल विचारले की गप्प बसते. त्याचे दात कुणी जपून ठेवले नव्हते. कदाचित तो खिळ्यांविनाही असाच असता, कदाचित नसता. मी त्याला तसे सांगितले. एवढेच पुढे म्हणालो की, तुला तो शब्द लावण्याचा अधिकार मास्तरांना नव्हता, आणि मलाही माझ्या मुलांना तो लावण्याचा नव्हता.

अण्णांचे उरलेले पंधरा-वीस खिळे माझ्या नात्यातल्या मुलांनी मागितले होते, खेळायला. ते मी काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावले आणि वरच्या फळीवर ठेवले आहेत. भाऊ जाताना त्या बरणीकडे पाहत म्हणाला, ‘‘जुन्या वाड्याचे काम घेतलेय पुढच्या आठवड्यात. पोरांना सांगतो, खरवडायच्या आधी पाणी मारा.’’