३८ वसतिगृहे, ५७८ शाळा आणि विश्वस्तांची खुर्ची

९ मे १९५९ रोजी रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील गेले. त्यांच्या हयातीत संस्थेने उभ्या केलेल्या कामाचा हिशेब साधारण असा मांडला जातो : ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी प्राथमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये, शंभराहून अधिक हायस्कुले आणि ३ कॉलेजे. बेरीज सव्वासातशेच्या पुढे जाते. आज संस्थेच्या शाखा सातशेंहून अधिक आहेत आणि विद्यार्थी सुमारे साडेचार लाख. २०११च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या १ लाख २० हजार होती, म्हणजे या संस्थेच्या हजेरीपटावर जवळपास पावणेचार सातारे बसतात.

शाखांची बेरीज पाहिली तर साठ-पासष्ट वर्षांत फारसे काही घडले नाही असे वाटेल. बेरजेच्या आत शिरले की चित्र पार वेगळे दिसते. भाऊरावांच्या काळात दर पाच शाखांतल्या जवळपास चार व्हॉलंटरी शाळा होत्या. प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे गेले तशा त्या संस्थेच्या हातून गेल्या. आज सर्वांत मोठा वाटा हायस्कुलांचा आहे, ती सुमारे ४४० आहेत. कॉलेजे चाळिशीच्या पुढे गेली आणि वसतिगृहे ऐंशी-नव्वदच्या घरात आहेत.

यातले वसतिगृह आणि हायस्कूल एवढे दोनच आकडे शेजारी ठेवा. तेव्हा दर अडीच-तीन हायस्कुलांमागे एक वसतिगृह होते, आता ते पाचांमागे एक आहे. वसतिगृहे दुपटीहून जास्त झाली, हायस्कुले चौपट. याला घसरण म्हणण्याची घाई मी करणार नाही. गावात हायस्कूल आले, एसटी आली, तर पोराने ट्रंक घेऊन साताऱ्याला का जावे? पण या बदलाबरोबर संस्थेच्या विश्वस्तांचे कामही बदलले, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. वसतिगृह चालवायचे म्हणजे रोजच्या जेवणाचे धान्य मिळवायचे. अनुदानित हायस्कूल चालवायचे म्हणजे पदे मंजूर करून घ्यायची, ती भरायची आणि बदल्या करायच्या. दोन्ही कामांना लागणारी माणसे एकाच मातीची असतील असे नाही.

आधी पहिल्या कामाची माती पाहू. भाऊरावांच्या बहुतेक हयातीत सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे नव्हतेच. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूरकडच्या कुंभोजचा, मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. ‘रयत’च्या आधी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मिरज तालुक्यातल्या दूधगावला शिक्षण मंडळ काढून मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करून पाहिली होती. ‘रयत’ची स्थापना झाली १९१९च्या विजयादशमीला, कराड तालुक्यातल्या काले गावी. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली, त्याच वर्षी सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

हे बोर्डिंग चालत होते कशावर? भाऊरावांचे पगाराचे दिवस ओगले, किर्लोस्कर, कूपर असे कारखान्यांच्या दारातले. नांगर खपवत ते गावोगाव फिरले आणि त्या फिरतीतच देणगीदार जोडले. घरोघरी मुष्टिफंड होता : बाईने दळणाला बसताना मूठभर जोंधळा बाजूला काढायचा आणि बोर्डिंगच्या पोराने येऊन तो झोळीत घ्यायचा. तेवढ्याने भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, आणि एका अडचणीच्या दिवशी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेले. बोर्डिंग सुरू झाल्यापासून सहा वर्षांत, १९३० साली, त्या वारल्या. मुले त्यांना वहिनी म्हणत आणि भाऊरावांना अण्णा. संस्थेच्या कुठल्याही घटनेत नसलेल्या या दोन पदांवर पहिली दहा वर्षे निभावली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

संस्थापकाने स्वतःच्या खिशाला हात घालण्याचे मोठे उदाहरण आफ्रिकेत आहे. नेल्सन मंडेलांनी १९९५ साली मुलांसाठी निधी काढला आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून मिळणाऱ्या पगाराचा एक तृतीयांश भाग त्याला दिला. मात्र आफ्रिकेतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कितीतरी संस्थांबद्दल एक जुनी तक्रार आहे. मुले मलावीत किंवा युगांडात, आणि विश्वस्तांची बैठक लंडनला. ज्याच्या ताटाचा निर्णय होतो तो मुलगा आणि निर्णय घेणारा माणूस यांच्यात समुद्र असतो. साताऱ्यात हे अंतर किती होते?

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात माणसे लागतात. ती सात कोण असावीत हे कायदा सांगत नाही. ‘रयत’ १९३५ साली या कायद्याखाली नोंदली गेली. जनरल बॉडी आणि मॅनेजिंग कौन्सिल ही अंगे कुठल्याही संस्थेत असतात. ‘रयत’चे वेगळेपण आहे आजीव सेवकांत. संस्थेत नोकरी करणाऱ्यांपैकी जे आयुष्य संस्थेला देतात त्यांना कारभारात बसण्याचा हक्क इथे आहे. सचिव हा बहुधा संस्थेतच शिक्षक, मुख्याध्यापक, प्राचार्य म्हणून वाढलेला माणूस असतो. बहुतेक खासगी संस्थांत पगार घेणारा आणि पगारपत्रकावर सही करणारा यांच्यात भिंत असते. इथे त्या भिंतीत मुद्दाम दार ठेवले.

त्या दारातून आत आलेली माणसे पाहा. बॅरिस्टर पी. जी. पाटील बोर्डिंगमध्ये वाढले, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेतच राबले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील १९५०च्या दशकात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत होते, कमवा-शिका योजनेची मुले सांभाळत होते. १९९० ते २००८ अशी अठरा वर्षे ते संस्थेचे चेअरमन होते. एकीकडे शेतकरी कामगार पक्षाचे मोर्चे आणि दुसरीकडे ‘रयत’च्या बैठका, हा संसार त्यांनी शेवटपर्यंत केला. अलीकडे चेअरमन झालेले चंद्रकांत दळवी खटाव तालुक्यातल्या निढळचे, निवृत्त सनदी अधिकारी. कर्मवीरांचे नातू डॉ. अनिल पाटील यांनीही हे पद सांभाळले. अध्यक्षपद वेगळे : त्यावर शरद पवार १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत, म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ. या यादीत एकही बाई नाही. वहिनींच्या मंगळसूत्राची गोष्ट दर जयंतीला सांगणाऱ्या संस्थेच्या बाबतीत हे खटकते.

पस्तीस वर्षे एकच अध्यक्ष असण्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. एवढ्या पसाऱ्याला मंत्रालयात वजन असलेला माणूस लागतो, हे खरे आहे. कौन्सिलमध्ये राजकारणातली आणि साखर कारखानदारीतली माणसे भरली की पक्षांच्या फाटाफुटीचे धक्के शाळेपर्यंत येतात, हेही खरे आहे. काही वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या लोकप्रतिनिधींनी जाहीरपणे विचारले, की हे पद राज्याच्या मुख्यमंत्र्याकडे असावे असा मूळ संकेत होता ना? प्रश्न विचारणाऱ्यांचे राजकारण उघड होते. पण प्रश्न गैर नव्हता.

सांगली जिल्ह्याने दुसरी रीतही दाखवली आहे. कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम साताऱ्यात कमवा-शिकामधून शिकले, ‘रयत’च्या शाळेत शिकवले आणि १९६४ साली पुण्यात भारती विद्यापीठ काढले. तिथे पुढे बंधू शिवाजीराव आणि चिरंजीव विश्वजीत कारभारात आले. एकाच मुशीतून घडलेल्या दोन पिढ्यांनी विश्वस्तपणाची दोन रूपे निवडली : एकीकडे सेवकांना वाटा देणारी संस्था, दुसरीकडे घराभोवती उभी राहिलेली. दुसऱ्या तऱ्हेत निर्णय झटपट होतात, हे मान्य करावे लागते.

आता पैशाकडे. अनुदानाची दोरी कोणाच्या हातात असते हे ‘रयत’ला स्वातंत्र्यानंतर लगेचच कळले. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या टीकेमुळे मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान थांबले. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, मग ते सुरू झाले. १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे, ते उगीच नाही. अनुदानाचा दुसरा परिणाम हळू आणि खोल झाला. शिक्षकांचा पगार सरकार देऊ लागले आणि विश्वस्ताचा मोठेपणा ‘किती धान्य आणले’ यावरून ‘किती माणसे लावली’ यावर सरकला. हे पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्याच संस्थांचे झाले. २०१७ पासून अनुदानित शाळांची शिक्षक भरती पवित्र पोर्टलमार्फत करायचे ठरले, तेव्हा संस्थाचालकांनी जी ओरड केली तिच्यावरूनच या अधिकाराची किंमत कळावी.

जमीन हे विश्वस्तांचे दुसरे बळ, आणि तिथे कायदा कडक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. वसतिगृहासाठी दान मिळालेली रस्त्याकडेची दहा-वीस गुंठे जमीन आज केवढ्याची असते, हे कराड किंवा इस्लामपूरच्या माणसाला सांगायला नको.

मोठ्या संस्थेकडे वकील असतात, हिशेबनीस असतात. अडतात ती छोटी बोर्डिंगे, गावचा सावकार, निवृत्त मास्तर आणि एखादा डॉक्टर यांनी मिळून काढलेली. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत त्याच कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. त्याला बैठकीची नोटीस, प्रोसिडिंगची नक्कल, गेलेल्याचा मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा आणि नव्याचे संमतिपत्र जोडावे लागते. नोटीस सापडत नाही. प्रोसिडिंगच्या वहीत सही आहे, पण तारीख नाही. मयत विश्वस्ताच्या मुलाला वाटते वडिलांची जागा आपलीच. मग हरकत, सुनावणी, तारीख. तोवर शेड्युल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, जुनीच नावे राहतात आणि बँक विचारते, सही कोणाची घ्यायची? मधल्या काळात पोरांच्या जेवणाची उधारी किराणा दुकानदार वाहतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचे असते, तेही मग मागे पडते.

संस्था ‘रयत’एवढी मोठी असो की चार खोल्यांचे बोर्डिंग, तिची नोंद धर्मादाय कार्यालयात असतेच. विश्वस्तांची नावे, मूळ घटना, तिच्यात झालेल्या दुरुस्त्या, स्थावर मिळकत. अर्ज करून शुल्क भरले की शेड्युल वनचा उतारा आणि घटनेची नक्कल मिळते. साताऱ्यात अध्यक्षपदावरून झालेला वाद वर्तमानपत्रांत आणि सभांत गाजला. त्याचे उत्तर जिथे असायला हवे ती घटना आणि तिच्या दुरुस्त्या त्याच कार्यालयाच्या दप्तरात आहेत.