प्रतिध्वनिभाषण

ऐकलेले शब्द वा वाक्ये जशीच्या तशी उच्चारण्याची प्रवृत्ती. वैद्यकात तीस ‘एकोलेलिया’ म्हणतात. भाषा शिकताना बहुतेक बालके काही काळ असे अनुकरण करतात. स्वमग्न बालकांत मात्र ते दीर्घकाळ टिकू शकते. ऐकताच केलेला पुनरुच्चार तात्कालिक व काही तासांनी वा महिन्यांनी केलेला विलंबित होय. लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना दोहोंची नोंद केली. होकारासाठी ही मुले प्रश्नच पुन्हा म्हणतात, हेही त्यांनी दाखविले. उदा., ‘तुला पाणी हवे का?’ असे मूल म्हणते, तेव्हा ‘मला हवे’ असे त्यास सांगावयाचे असते. मराठीत क्रियापदावर लिंगही उमटत असल्याने आईचे ‘मी येते’ मुलाच्या तोंडी आले, की ते वाक्य उसने असल्याचे लगेच ध्यानी येते.

हे उच्चार निरर्थक मानून ते बंद पाडण्याकडे पूर्वी अनेक शिक्षकांचा कल असे. बॅरी प्रिझंट व ज्यूडिथ डूकन यांनी १९८१ मध्ये चार मुलांच्या तात्कालिक उच्चारांचा अभ्यास करून त्यांची सात कार्ये सांगितली. मागणी, होकार, संभाषणातील आपली पाळी राखणे, स्वतःस सूचना देणे ही त्यांपैकी होत. म्हणून ‘गप्प बस’ म्हणण्यापूर्वी उच्चार केव्हा व कशापाठोपाठ येतो, याची काही दिवस नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. मुलाजवळची बहुतेक भाषा तेवढीच असेल, तर ती दडपल्याने त्याचे मागणे व नाकारणे दोन्ही खुंटते.

वर्गात गोंगाट वाढताच एखादे मूल रेल्वेस्थानकावरील उद्‌घोषणा म्हणू लागले, तर त्यामागे फलाटावरील गर्दीची भीती असू शकते. अशा वेळी शिक्षकाने ‘मला आवाज सहन होत नाही’ हे वाक्य मुलाच्या बाजूने, प्रथमपुरुषी म्हणून दाखवावे व थांबावे. हे थांबणेच बहुधा विसरले जाते. प्रश्न न समजल्यास प्रतिध्वनी वाढतो. लॉरा श्राइबमन व एडवर्ड कार यांनी १९७८ मध्ये अशा प्रश्नांस ‘मला माहीत नाही’ हे उत्तर शिकविले, तेव्हा न शिकविलेल्या प्रश्नांनाही मुले ते योग्य रीतीने देऊ लागली. प्रश्न सोपा करणे वा चित्राची जोड देणे हेही उपयुक्त ठरते. पाठ केलेली वाक्ये हळूहळू सुटी करून त्यांतून स्वतंत्र भाषा घडविण्याची पद्धती अलीकडे लोकप्रिय झाली आहे; तिच्या परिणामकारकतेचा पुरावा मात्र अद्याप तोकडा आहे. केवळ मन शांत करण्यासाठी चाललेले पुटपुटणे इतरांच्या अध्ययनात व्यत्यय आणीत नसेल, तर त्यास हात लावू नये. आणीत असेल, तर त्यासाठी निराळी जागा व वेळ ठरवून द्यावी.